तळमजल्यावरचं क्लिनिक आणि कोपऱ्यावरचा डॉक्टर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही दोघं तिशीतले, नोकरी आयटीत, मुलगी चार वर्षांची. सहा महिन्यांपूर्वी धायरीतल्या नव्या सोसायटीत राहायला आलात. तळमजल्यावर एक चकचकीत क्लिनिक आहे, सकाळी आठ ते रात्री अकरा उघडं, आत डॉक्टर कोण असेल ते त्या दिवशी कळतं. फोनमध्ये ॲप आहे, पंधरा मिनिटांत डॉक्टर बोलतो. मोठ्या हॉस्पिटलची ओपीडी वीस मिनिटांवर. दिवाळीनंतर सासू-सासरे कराडहून चार महिन्यांसाठी येणार आहेत, सासऱ्यांना बीपी आणि शुगर दोन्ही. आणि तुम्ही विचारता, "आता वेगळा फॅमिली डॉक्टर शोधण्यात खरंच अर्थ आहे का, की ती आमच्या आईवडिलांच्या पिढीची सवय होती?"

मी सिंहगड रस्त्यावर १९९४ पासून जनरल प्रॅक्टिस करते. म्हणजे या खटल्यात मी पक्षकार आहे, न्यायाधीश नाही. ते लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

तळमजल्यावरचं क्लिनिक वाईट नाही, आणि तिथे जाण्यात कमीपणाही नाही. भाजी चिरताना बोट कापलं, रविवारी रात्री कानात किडा गेला, गंजका खिळा लागला आणि धनुर्वाताचं इंजेक्शन हवंय, ऑफिसला फिटनेस सर्टिफिकेट द्यायचंय, तर माझा दवाखाना उघडेपर्यंत थांबण्यात शहाणपण नाही. या दुखण्यांना काल नसतो आणि फारसा उद्याही नसतो. ज्याचे हात स्वच्छ आहेत आणि ड्रेसिंगचं सामान धड आहे असा कुणीही डॉक्टर चालतो. पण काही दुखण्यांना काल असतो: आधीचा आजार, चालू असलेल्या गोळ्या, तीन वर्षांपूर्वीचा एखादा रिपोर्ट. काहींना उद्या असतो: आज बघून सांगताच येत नाही की परवा हे कुठलं वळण घेईल. अशा वेळी रोज नवा डॉक्टर म्हणजे रोज वहीचं पहिलं पान. मी माझ्या घरातल्यांसाठीही हाच प्रश्न विचारते, या दुखण्याला काल किंवा उद्या आहे का? असेल तर एकच डॉक्टर, नसेल तर जो जवळ असेल तो.

ताप घ्या. पावसाळ्यात दुसऱ्या दिवशीचा ताप समोर आला की तो डेंग्यूचा की साधा व्हायरल, हे नुसतं बघून मला सांगता येत नाही. पॅरासिटामॉल देते, भरपूर पाणी प्या म्हणते, घरात आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी असेल तर तिला हात लावू नका म्हणते, आणि परवा सकाळी यायला सांगते. लोकांना वाटतं गोळ्या हा उपचार आणि 'परवा या' ही नुसती बोलायची पद्धत. डेंग्यूत ते बरोबर उलटं असतं. खरी भीती ताप चढलेला असताना नसते, ताप उतरतो तेव्हा असते. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपू लागतं, प्लेटलेट उतरतात, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्ताचा दाटपणा, चढतो. रुग्ण म्हणतो, "ताप गेला की, नुसतं पोट दुखतंय आणि गळून गेल्यासारखं वाटतंय." पहिल्या दिवशी ज्याने त्याला पाहिलंय त्याच्या कानात इथे घंटा वाजते. ज्याने पाहिलेलंच नाही, त्याच्या समोर ताप नसलेला आणि पोट दुखणारा माणूस बसलेला असतो, आणि त्याला ॲसिडिटीची गोळी मिळू शकते. त्यात त्या डॉक्टरचा हलगर्जीपणा असेलच असं नाही. त्याच्या हातात सिनेमाची एकच रीळ आहे.

माझी मदतनीस रोज रात्री दवाखाना बंद करण्याआधी केसपेपर चाळते: आज यायला सांगितलं होतं आणि आले नाहीत, असे कोण? त्यांना फोन जातो. यात मोठं वैद्यकशास्त्र काही नाही. पण माझ्या कामाचा सगळ्यात उपयोगी भाग कोणता असं विचाराल तर मी त्या फोनकडे बोट दाखवीन.

दुसरं उदाहरण टीबीचं, कारण ते पुन्हा पुन्हा बघितलंय. एक सत्ताविशीतला मुलगा माझ्याकडे आला तेव्हा सहा आठवडे खोकत होता. आधी चार ठिकाणी जाऊन आला होता: ऑफिसजवळचं एक क्लिनिक, घराजवळचं एक, मग ॲप, मग 'मेडिकल'वाल्याने दिलेलं काहीतरी. प्रत्येकासाठी तो खोकला पहिल्या दिवसाचा होता, कारण "किती दिवस झाले?" या प्रश्नाला तो "तीन-चार दिवसांपासून वाढलाय" असं उत्तर देई. चारपैकी दोघांनी त्याला लिव्होफ्लॉक्सासिन दिलं. हे अँटिबायोटिक टीबीच्या जंतूंवरही चालतं, त्यामुळे आठ-दहा दिवस बरं वाटतं, तपासणीत जंतू सापडायला उशीर होतो आणि माणूस तोवर घरात, लोकलमध्ये, मीटिंगमध्ये खोकत राहतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायची, हा नियम प्रत्येक डॉक्टरला पाठ असतो. पण दोन आठवडे मोजायला कुणीतरी एकच माणूस मोजणारा लागतो. अशा अँटिबायोटिक्ससाठी १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन, म्हणजे औषध नियमांतली एक कडक यादी, लागू आहे, दुकानदाराने चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत आणि विक्रीची नोंद तीन वर्षं ठेवायची. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हीही पाहता.

तुम्ही धायरीत राहता म्हणून हेही सांगते. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, सिंहगड रस्ता इथे गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले ते आठवत असेल. दूषित पाणी, त्यातून जुलाब, आणि मग काही जणांच्या नसांवर हल्ला. या आजाराची गंमत म्हणा की क्रूरपणा म्हणा, जुलाब थांबून एक ते तीन आठवडे उलटलेले असतात तेव्हा पायांना मुंग्या येतात, जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत. पायाला मुंग्या म्हणून गेलेला माणूस जुलाबाचं नाव काढत नाही, ते त्याच्या लेखी संपलेलं प्रकरण असतं. त्याला बी-ट्वेल्वच्या गोळ्या मिळण्याची दाट शक्यता. ज्याच्या केसपेपरवर वरच्याच ओळीत दहा दिवसांपूर्वीचे जुलाब लिहिलेले आहेत, तो गुडघ्यावर हातोडी मारून बघतो. त्या महिन्यात मी जुलाब झालेल्या प्रत्येकाच्या केसपेपरवर लाल पेनाने तारीख टाकत होते.

आता माझ्या विरुद्ध बाजूचा पुरावा, तो लपवणं बरं नाही.

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक वीस वर्षं येत होते. बीपीची गोळी, दर महिन्याला एक फेरी, पाच मिनिटं तपासणी आणि दहा मिनिटं राजकारण. शेवटच्या दीड-दोन वर्षांत ते हळू झाले. सही बारीक झाली, आवाज खाली गेला, चेहऱ्यावरचं हसू कमी झालं. मी म्हणायची, "सर, वय झालं आता, पत्नी गेल्यापासून जरा खचलात." एकदा मी गावाला गेलेले असताना सर्दीसाठी ते एका वॉक-इन क्लिनिकमध्ये गेले. तिथल्या पोरसवदा डॉक्टरने त्यांना दारातून खुर्चीपर्यंत चालत येताना पाहिलं आणि विचारलं, "काका, तुमचा उजवा हात चालताना हलत नाही, कधीपासून?" पार्किन्सन्स होता, हालचाली मंद करत नेणारा मेंदूचा आजार. मी त्यांना महिन्यातून एकदा पाहत होते म्हणूनच मला दिसलं नाही. आपल्या घरातलं मूल किती उंच झालं ते पाहुण्यांना आधी दिसतं, तसं. थायरॉइडमुळे सुजलेला चेहरा, हळूहळू उतरलेलं वजन, वाढत गेलेला विसरभोळेपणा, अशा संथ गोष्टी ओळखीच्या डोळ्यांतून निसटतात. त्या दिवसापासून मी पन्नाशीपुढच्या प्रत्येकाचं वजन दर वेळी लिहिते, आणि वर्षातून एकदा त्यांना दारापासून चालत यायला लावते. तुमचा डॉक्टर कितीही आवडता असो, वर्षा-दोन वर्षांतून तिसऱ्या माणसाची नजर तुमच्यावर पडू द्या. त्याला राग येत असेल तर तो डॉक्टर बदला.

तरीही तराजू एका बाजूला झुकतो असं मी का म्हणते? नॉर्वेत २००१ पासून प्रत्येक नागरिकाला नावानिशी एक ठरावीक डॉक्टर मिळतो. तिथल्या सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदींचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच डॉक्टरकडे पंधरा वर्षांहून जास्त काळ असलेल्यांची तुलना वर्षभर किंवा त्याहून कमी काळ असलेल्यांशी केली, तेव्हा अवेळी उपचार घ्यावे लागण्याची शक्यता सुमारे ३० टक्के, तातडीने हॉस्पिटलात भरती होण्याची २८ टक्के आणि त्या वर्षात मृत्यूची २५ टक्के कमी निघाली. हा नोंदींवरचा अभ्यास आहे. डॉक्टर टिकला म्हणून माणूस जगला, असं त्यातून ठामपणे सिद्ध होत नाही. स्थिर घर, स्थिर नोकरी असलेल्यांचा डॉक्टरही स्थिर असतो. पण वर्षं वाढत जातात तसा फायदाही पायरीपायरीने वाढत जातो, हे मला दुर्लक्ष करण्यासारखं वाटत नाही. आणि नॉर्वे काही पुणे नाही. तिथे केसपेपर हरवत नाही.

माझी भाची टोरांटोजवळ राहते. तिकडे उलटी तऱ्हा, लाखो लोकांना फॅमिली डॉक्टर मिळतच नाही, म्हणून ते वॉक-इनमध्ये जातात. आपल्याकडे चार पावलांवर मिळतो आणि आपण त्याच्यावरून चालत खाली क्लिनिकमध्ये जातो. असो.

एका बाबतीत दोन्ही पर्याय बाद. छातीत दडपण, घाम, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, तोंड वाकडं, हात उचलेना, बोलणं अडखळतंय, फिट आली, खूप दम लागलाय. अशा वेळी मला फोन करू नका, खालीही जाऊ नका, सरळ कॅज्युअल्टी असलेल्या हॉस्पिटलात जा किंवा १०८ ला फोन करा. लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. माझ्या दवाखान्यात सीटी स्कॅन नाही. "आधी आपल्या डॉक्टरांना दाखवू" म्हणत लोकांनी घालवलेला तासभर मला अनेकदा बघावा लागलाय आणि त्यात माझ्यावरचा विश्वास होता, म्हणून तो जास्त लागतो. सासरे यायच्या आधी हे बघून ठेवा: कॅथलॅब (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीची सोय) असलेलं सगळ्यात जवळचं हॉस्पिटल कुठलं, आणि संध्याकाळी सातच्या ट्रॅफिकमध्ये तिथे पोचायला किती वेळ लागतो.

अशा वेळी फॅमिली डॉक्टर उपयोगी पडतो तो तुम्ही तिथे पोचल्यानंतर. एका गृहस्थांना जिना चढताना दम लागला, मुलीने योग्य तेच केलं, थेट हॉस्पिटल. ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक, म्हणजे हृदयातल्या विजेच्या डाव्या वाटेवरचा अडथळा. हा नवा असेल तर हार्ट अटॅकची शंका घ्यावी लागते, तिथल्या डॉक्टरांनी अँजिओग्राफीची तयारी सुरू केली. मुलीने मला फोन केला. माझ्याकडच्या फाइलमध्ये नऊ वर्षांपूर्वीचा ईसीजी होता आणि त्यात तोच ब्लॉक, अगदी तसाच. मी कागदाचा फोटो पाठवला. त्यांनी रक्तातली ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ही वाढते) दोन वेळा तपासली, इको केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरी सोडलं. नऊ वर्षं धूळ खात पडलेल्या कागदाने एक कॅथेटर आणि लाखभर रुपये वाचवले.

मुलीबद्दल. तिच्यासाठी बालरोगतज्ज्ञ हाच फॅमिली डॉक्टर धरा, निदान सात-आठ वर्षांची होईपर्यंत. लसीकरणाची फाइल आणि वजन-उंचीचा तक्ता एकाच ठिकाणी राहू दे. मुलाचं आजचं वजन एकट्याने काही सांगत नाही, सहा महिन्यांपूर्वीच्या ठिपक्याशी जोडल्यावरच त्याला अर्थ येतो. आणि एक धोका सांगते जो या ठिकाणहून त्या ठिकाणी फिरताना हमखास होतो. पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स आणि सिरप वेगळे असतात. ड्रॉप्समध्ये एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरप १२० किंवा १२५ आणि २५० अशा ताकदींत येतं, आणि तो आकडा पाच मिलीमागचा असतो. एका डॉक्टरने सिरप धरून "पाच मिली द्या" सांगितलं आणि घरात आधीच्या डॉक्टरचे ड्रॉप्स शिल्लक असतील तर डोस दुप्पट ते चौपट होतो. डोस नुसता मिलीत लिहून घेऊ नका, मिलिग्रॅममध्येही लिहून घ्या, आणि कुठल्या बाटलीतून ते त्याच्याकडून वदवून घ्या.

खरा प्रश्न सासऱ्यांचा आहे. त्यांचा कराडचा डॉक्टर असेलच, बहुधा पंचवीस वर्षांचा, "त्यांच्या हाताला गुण आहे" असा. त्याला तोडू नका. चार महिन्यांसाठी पुण्यात दुसरा डॉक्टर बघा, पण दोघांपैकी बीपी-शुगरच्या गोळ्या कोण बदलणार हे पहिल्याच दिवशी ठरवा. माझं मत कराडवाल्याच्या बाजूने. इथल्याने बीपी मोजावं, पाय बघावेत, रक्त तपासावं आणि काही बदलावंसं वाटलं तर तिकडे फोन करावा. डॉक्टर डॉक्टरला फोन करत नाही, असं लोक समजतात. विचारलं तर करतो.

हे का सांगते? दर हिवाळ्यात गावाकडून आलेल्या आजोबांचा एक ठरलेला प्रसंग माझ्यासमोर घडतो. गावाहून आणलेल्या गोळ्या संपतात. खालच्या क्लिनिकमधून चिठ्ठी मिळते. तिच्यावर तीच बीपीची टेल्मिसार्टन, पण वेगळ्या कंपनीच्या नावाने. मग गावाहून कुणीतरी येतं आणि पहिल्या नावाची पाकिटं घेऊन येतं. आजोबा प्रामाणिक, दोन्ही घेतात. पहाटे बाथरूमला उठताना चक्कर, पडणं, आणि खुब्याचं हाड. दुसरा प्रसंग गुडघ्यांचा. थंडीत गुडघे धरतात, खालून वेदनाशामक गोळी मिळते. आता टेल्मिसार्टन, त्यातलीच लघवी वाढवणारी गोळी आणि वर ही वेदनाशामक, हे तिघं मिळून मूत्रपिंडाला आवळतात, त्यातून शुगरवाल्याच्या. आठ दिवसांत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वर जातं आणि कुणालाच कळत नाही, कारण पायावर सूज दिसेपर्यंत तपासतं कोण? तिसरा प्रसंग खोकल्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडचा, शुगर तीनशेवर. तिन्ही ठिकाणी चिठ्ठी लिहिणाऱ्याने समोरच्या तक्रारीचा उपचार बरोबर केला होता. बाकीच्या गोळ्या त्याला कुणी दाखवल्याच नव्हत्या.

ॲपबद्दल मी जुनाट माणसासारखी नाक मुरडत नाही. २५ मार्च २०२० ला, लॉकडाउनच्या पहिल्या दिवसांत, फोनवरून उपचारांची राष्ट्रीय नियमावली आली आणि तिने माझंही काम सोपं केलं. जो डॉक्टर तुम्हाला आधीपासून ओळखतो त्याच्याशी व्हिडिओवर बोलणं फार चांगलं. थायरॉइडचा रिपोर्ट दाखवणं, चालू गोळी पुढे चालू ठेवणं, पुरळाचा फोटो, यासाठी दवाखान्यात तासभर बसण्यात काही पुण्य नाही. नियमावलीनेही पहिली भेट आणि पुढची भेट यांत फरक केलाय: पहिल्या भेटीत कमी औषधं देता येतात, आणि नशा आणणारी किंवा झोपेची काही औषधं फोनवरून कधीच देता येत नाहीत. अनोळखी डॉक्टर फोनवर पोटाला हात लावू शकत नाही. पोट दुखतंय म्हणून त्याने 'प्रत्यक्ष दाखवा' म्हटलं तर तो टाळाटाळ करत नाहीये, तो चांगला डॉक्टर आहे.

आणि थेट सुपरस्पेशालिस्टकडे जायची सवय? डोकं दुखलं की न्यूरोलॉजिस्ट, छातीत जळजळलं की कार्डिओलॉजिस्ट. त्यांच्याकडे पोचणाऱ्यांत खरा आजार असलेलेच जास्त असावेत म्हणून आधी कुणीतरी चाळणी लावलेली असते असं ते गृहीत धरतात, आणि चाळणी नसली की तीच चाळणी ते एमआरआयने लावतात. डोकेदुखीचे निम्मे एमआरआय मी चष्म्याचा नंबर आणि सायनस बघून वाचवले असते. (हा आकडा शास्त्रीय नाही, चिडचिडीतून आलाय.)

पैशाचं सांगायचं तर आमच्या भागात माझ्यासारख्यांची फी दोनशे-तीनशे, साखळी क्लिनिकची साधारण दुप्पट, तज्ज्ञाची त्याच्याही दुप्पट. बहुतेक मेडिक्लेममध्ये ओपीडी धरत नाहीत, त्यामुळे हा खर्च खिशातूनच. पण फरक फीचा नसतो, तपासण्यांचा असतो. अनोळखी डॉक्टर स्वतःला सुरक्षित ठेवण्यासाठी जास्त तपासण्या लिहितो, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही लिहिल्या असत्या.

मग डॉक्टर निवडायचा कसा? आजारी नसताना. हे लोकांना विचित्र वाटतं. १०२ ताप असताना आपण डॉक्टर निवडत नाही, जो उघडा असेल तो पकडतो. म्हणून साध्या कारणाने जा, लिपिड तपासायचंय म्हणा, मुलीला जंताचं औषध द्यायचंय म्हणा, आणि दहा मिनिटं नीट बघा. केसपेपर किंवा कॉम्प्युटरवर काही लिहितो का, की सगळं 'डोक्यात' आहे? चालू गोळ्या, ॲलर्जी, घरातले आजार विचारले का? चिठ्ठीतलं नाव तुम्हाला वाचता येतं का? कधी परत यायचं आणि काय झालं तर आधीच यायचं, हे त्याने आपणहून सांगितलं का? त्याच्या सुट्टीत कोण बघतं? तज्ज्ञाकडे पाठवताना तो एकच नाव देतो, की दोन-तीन देऊन "तुम्हाला जवळ पडेल ते बघा" म्हणतो? नेहमी एकच हॉस्पिटल आणि एकच लॅब असेल तर मनात एक शंका ठेवा. कट प्रॅक्टिस, म्हणजे रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन, आमच्या धंद्यात आहे, आणि ती फॅमिली डॉक्टरांतही आहे, फक्त मोठ्या हॉस्पिटलांत नाही.

सगळ्यात पक्की परीक्षा सांगू? "अशक्तपणा वाटतोय, एक सलाइन लावता का?" असं विचारा. पाच टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे, बाकी पाणी. लिंबूसरबतात तेवढी असते आणि सुई टोचावी लागत नाही. जो डॉक्टर हे समजावून सांगत तुम्हाला नकार देईल आणि वरून हिमोग्लोबिन तपासायला सांगेल, त्याच्याकडे राहा. जो लगेच बेड मोकळा करेल, त्याला नमस्कार करून बाहेर पडा. सर्दीला अँटिबायोटिक मागून हीच परीक्षा घेता येते.

पाटीवरची पदवीही वाचा. महाराष्ट्रात फॅमिली डॉक्टर एमबीबीएस असतो, बीएएमएस असतो, बीएचएमएस असतो. प्रत्येकाची नोंदणी वेगळ्या कौन्सिलकडे असते आणि नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर हवा. मी ज्यांच्या हातात माझ्या आईला निर्धास्त सोपवलं असतं असे काही बीएएमएस डॉक्टर याच रस्त्यावर आहेत, आणि ज्यांच्याकडे मांजरही नेणार नाही असे एमडीही आहेत. पण कोण काय शिकलंय हे तुम्हाला माहीत असायला हवं, आणि ते विचारल्यावर डॉक्टर चिडायला नको.

खालचं क्लिनिक वापराल तेव्हा एवढं करा. जाताना चालू गोळ्यांची यादी दाखवा. येताना चिठ्ठी आणि रिपोर्ट कागदावर किंवा फोनवर घ्या, "तोंडी सांगितलं" चालत नाही. आणि पुढच्या भेटीत तो कागद आपल्या डॉक्टरपुढे ठेवा. लोक दुसरीकडे गेल्याचं लपवतात, जणू माहेरी खोटं बोलतायत. मला राग येत नाही, मला फक्त तारीख आणि औषधाचं नाव हवं असतं.

सासरे आले की पहिल्या आठवड्यात, तब्येत उत्तम असताना, त्यांना इथल्या डॉक्टरकडे घेऊन जा. ते म्हणतील, "मला काही झालेलं नाही, कशाला?" बीपीचं मशिन घरचं बरोबर आहे का ते तपासायला चाललोय म्हणा आणि मशिन सोबत घ्या, ते खरंही आहे आणि पुरुषांना मशिन तपासायला आवडतं. सोबत शेवटचा ईसीजी, क्रिएटिनिन आणि तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्ट. कराडच्या डॉक्टरांचा फोन नंबर. आणि घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत, सासूबाईंच्या डब्यातून काढून नाही, पाकिटासकट, संपलेल्या आणि अर्ध्या राहिलेल्याही, आयुर्वेदिक चूर्णासह. पिशवी टेबलावर उलटी करा आणि बाजूला उभ्या राहा. अशा पिशवीत एकच औषध दोन नावांनी निघालं नाही, असं माझ्याकडे क्वचितच होतं.